पंपाचा रॉकेल स्टोव्ह : तयारी आणि पेटवणी

रॉकेलची वाफ करून ती हवेत मिसळून जाळणारे घरगुती साधन. वातीच्या स्टोव्हमध्ये तेल वातीतून आपोआप वर चढते. पंपाच्या स्टोव्हमध्ये ते हवेच्या दाबाने वर ढकलले जाते, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास बनवलेला ‘प्रायमस’ हा या प्रकाराचा मूळ नमुना. तोच स्टोव्ह १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता आणि त्याचीच पितळी भावंडे महाराष्ट्रातील घरोघरी, चहाच्या टपऱ्यांवर होती.

सातारा-सांगलीत घरगुती गॅस आणि २०१६ मध्ये सुरू झालेली उज्ज्वला योजना यांनी स्टोव्हला माळ्यावर पाठवले. तिथून तो खाली येतो तो बहुधा अडचणीत. जुलै २०२१ च्या पुरात राज्य शासनाने या दोन्ही जिल्ह्यांसह पूरग्रस्त भागातील कुटुंबांना मोफत धान्याबरोबर ५ लिटर रॉकेल देण्याचे ठरवले होते. रॉकेल हाती आले तरी वर्षानुवर्षे बंद असलेला स्टोव्ह लगेच पेटवणे धोक्याचे असते. म्हणून त्याची तयारी ही पेटवणीइतकीच महत्त्वाची.

तयारीत पहिली तपासणी वायसरांची. पंपाच्या दांड्याला टोकाशी चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. तो वाळून आक्रसला की दांडा हाताला हलका लागतो आणि हवा भरतच नाही. दांडा बाहेर काढून वायसरला गोडेतेल चोळावे, कडा बोटाने बाहेर पसरवाव्यात आणि दांडा पुन्हा बसवावा. टाकीच्या झाकणाखालचा वायसर तडकलेला असेल तर तो बदलण्याला पर्याय नाही, कारण दाब येताच तेल तिथूनच पाझरते आणि ते ठिकाण आचेपासून वीतभरच दूर असते. नंतर आग जवळ न आणता स्टोव्हमध्ये हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या स्टोव्हचे प्रकरण वेगळे. पाणी रॉकेलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते आणि बर्नरकडे जाणारी नळी तळातूनच तेल उचलते. साहजिकच वर रॉकेल असले तरी आधी पाणीच चढते. ज्योत फुरफुरते, विझते आणि पुन्हा उसळते. अशी टाकी पूर्ण रिकामी करून, थोड्या रॉकेलने खळबळून, उन्हात उघडी वाळवावी लागते.

तेल जाळीच्या नरसाळ्यातून, टाकीच्या पाऊण भागापर्यंतच भरतात. वरची मोकळी जागा दाबाच्या हवेसाठी असते. रॉकेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ लागते ते तापमान, भारतीय मानकानुसार ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसावा लागतो, तर पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेते. पेट्रोलच्या डब्यातून आणलेले किंवा पेट्रोलचा वास येणारे रॉकेल त्यामुळे वापरू नये.

पेटवणीचे सारे तंत्र एका क्रमात आहे : आधी बर्नर तापवायचा, मग दाब द्यायचा. स्टोव्ह सपाट, मोकळ्या जागी ठेवून टाकीतील हवा सोडण्याची चावी उघडी ठेवतात. निपलमध्ये पिन सरळ घालून भोक साफ करतात. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालून, किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या मानेला लावून, तो पेटवतात. घाई नडते ती इथेच. स्पिरिट जवळजवळ संपेपर्यंत थांबावे लागते, आणि थंडीत किंवा पावसाळी हवेत एका वाटीने भागत नाही. पहिली आग पूर्ण विझल्याशिवाय आणि वाटी निवल्याशिवाय बाटलीतून पुन्हा स्पिरिट ओतणे हा भाजण्याचा सर्वांत सरळ मार्ग.

शेवटची ज्योत लवलवत असताना चावी बंद करून पंपाचे दोन-तीन हलके हात देतात. बर्नर पुरता तापला असेल तर निळी ज्योत धरते आणि घरघर सुरू होते. मग आणखी दहा-पंधरा हात द्यावेत. ज्योत पिवळी होऊन उंच उठली, काजळी धरू लागली, तर वाफेऐवजी पातळ तेल वर येत आहे असे समजावे. अशा वेळी पंप मारत राहण्याची हाताला सवय असते, आणि तीच घातक. चावी तत्काळ उघडून दाब काढून टाकावा, आग विझू द्यावी आणि तापवण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

चालू किंवा गरम स्टोव्हमध्ये तेल भरू नये. स्टोव्हजवळ नायलॉनचा पदर, ओढणी मोकळी सोडू नये. पुराचे पाणी वर चढलेल्या घरात माळ्यावर किंवा बंद खोलीत स्वयंपाक करण्याची वेळ आली तरी खिडकी उघडी हवी, कारण अपुऱ्या हवेत वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो. तेलाने पेट घेतल्यास पाणी न मारता वाळू किंवा ओले पोते टाकावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द महाराष्ट्रात वेगळ्या कारणानेही ओळखीचे आहेत. विवाहितांच्या जळून झालेल्या मृत्यूंमागे अनेकदा हेच कारण पुढे केले जाई. तत्कालीन भारतीय दंडसंहितेत १९८३ साली विवाहितेच्या छळाचे ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब ही कलमे आली, त्यानंतर विवाहापासून सात वर्षांच्या आतील अशा मृत्यूकडे कायदा केवळ अपघात म्हणून पाहत नाही.

स्टोव्ह बंद करताना फुंकर न मारता चावी सैल करतात. हवा सुटते, ज्योत खाली बसते. बर्नर आणि निपल बदलता येतात, वायसर स्वस्तात मिळतात. टाकीचा तळ फुगलेला असेल किंवा तिला जागोजागी डाग दिलेले असतील, तर मात्र तो स्टोव्ह दुरुस्त न करता मोडीत घालावा.