घरदुरुस्ती : ग्राहकांचा अभिप्राय आणि हक्क

गिलावा, फरशी, रंगकाम किंवा स्लॅबची गळती रोखण्याचे काम कोणाला द्यावे, हे श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतावरून ठरते. आता या तोंडी शिफारशीला इंटरनेटवरील अभिप्रायांची जोड मिळाली आहे. मात्र पैसे देऊन लिहवून घेतलेली स्तुती ओळखणे कठीण असते. अशा अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले.

अभिप्रायामुळे पुढचा ग्राहक सावध होतो. परंतु फसलेल्या ग्राहकाला भरपाई मिळवून देतो तो कायदाच. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला घेऊन ठेक्याने केलेले घराचे काम ‘सेवा’ ठरते. ते सदोष निघाल्यास ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येत असल्याने ठेकेदार पुण्याचा असला, तरी श्रीगोंदेकरांना अहिल्यानगर येथील आयोगाकडे जाता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरूनही मार्गदर्शन मिळते.

एकट्या ग्राहकाचा आवाज क्षीण असतो, हे ओळखूनच बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली होती. तक्रार टिकते ती मात्र कागदावर. म्हणून कामाचा तपशील, साहित्याचा दर्जा आणि मुदत आधीच लिहून घ्यावी, छायाचित्रे काढावीत आणि पक्के बिल मागावे.