थाळनेरचा किल्लेदार

हल्लीची मुले संगणकावर अंतराळप्रवासाचे खेळ खेळतात. यान घेऊन ताऱ्यांच्या मुलखात हिंडायचे, आणि वाटेत कोणी हाती सापडला तर त्याला सोडायचे की संपवायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे! निवाडा मनाला डाचला तर डाव नव्याने मांडता येतो. इतिहासात ती सोय नाही. आमच्या खानदेशात, तापीच्या काठी, असा एक निवाडा झाला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याचे हे ठाणे. १३९९ मध्ये तो वारला. फारुकींच्या कबरी तेथे आजही आहेत. पुढे किल्ला होळकरांकडे आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा घरच्याच लोकांनी वध केला होता, आणि गादीचा धनी मल्हारराव अजून मूल होता. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेत सेनापती सर टॉमस हिस्लॉप सेंधव्यावरून खाली उतरला. सेंधव्याने दरवाजे उघडले. थाळनेरहून मात्र २७ फेब्रुवारीस गोळ्या आल्या.

किल्लेदार होता तुळशीराम मामा. हिस्लॉपने त्याला पत्र धाडले, की प्रतिकार कराल तर बंडखोर समजून पारिपत्य होईल. उत्तर आले नाही. मग तोफा चालल्या. फौज बाहेरच्या दरवाजांतून शिरताच किल्लेदार काही माणसांनिशी बाहेर आला आणि स्वाधीन झाला. आतला दरवाजा अजून बंदच होता. तेथील अरब शिपाई अटी मागत होते. अखेर दिंडी उघडली. कर्नल मरे, मेजर गॉर्डन आणि मोजकेच शिपाई आत गेले. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. बोलण्यावरून गलका आणि गलक्यावरून हत्यार! गॉर्डन ठार झाला, मरे घायाळ झाला. चिडलेल्या पलटणीने मग आतली सुमारे ३०० माणसे कापून काढली. त्याच सायंकाळी हिस्लॉपने तुळशीरामास फाशी दिले.

हिस्लॉपची बाजू अगदीच पोकळ नाही. तह झालेला होता, इशारा दिलेला होता, आणि त्याची माणसे बोलणी करताना पडली होती. पण ज्याच्या गळ्याला फास लागला तो त्या वेळी इंग्रजांच्या स्वाधीन होता. आतल्या दिंडीशी काय चालले आहे, यावर त्याचा ताबा कसा राहणार? चौकशी नाही, जाब नाही. ज्याचा धनी मूल आहे आणि ज्याच्या दरबारात खून पडले आहेत, अशा किल्लेदाराने हुकूम खरा कोणाचा मानावा, हाही प्रश्न उरतोच. प्रतिकाराचा दोष त्याचा. दग्याचा दोष त्याच्यावर लादला गेला, असे माझे मत आहे.

नवल असे, की हा प्रश्न विलायतेतही निघाला. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटात या युद्धाबद्दल सेनेचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवरून चर्चा झाली, आणि या आभारांत त्या कृत्याची भलावण येत नाही, असे स्पष्ट करावे लागले. विजयी सेनापतीच्या सत्कारातही तापीकाठच्या एका किल्लेदाराचे नाव आडवे आले!

याच्या उलट मालेगाव पाहा. तेव्हा ते खानदेशातच मोडत असे. तेथेही अरबच होते आणि इंग्रजांची माणसे थाळनेरपेक्षा कितीतरी अधिक पडली होती. जून १८१८ मध्ये अरब शरण आले, तेव्हा त्यांना दिलेल्या मराठी कागदातल्या शब्दांवरून वाद उपस्थित झाला. लिहिणाराच्या हातून कबुली मनातल्यापेक्षा अधिक उदार उतरली होती. तरी शब्दाचा अर्थ अरबांच्या बाजूने लावून तो पाळण्यात आला.

दोन्ही ठिकाणी भाषेनेच घोटाळा केला. एके ठिकाणी रागाने त्याचा अर्थ लावला, दुसरीकडे शांत डोक्याने. मधे चारच महिने गेले होते. मालेगावचे अरब जिवंत बाहेर पडले. तुळशीराम मामाला मात्र पुढची सकाळ दिसली नाही. ती एक रात्र निवाडा थांबला असता तर? जो बोलावयास उरला नाही, त्याची बाजू आता आपणच विचारात घ्यायची.