ॲक्सेस : परवानगी विचारणाऱ्या सिस्टम कॉलची कुळकथा

युनिक्समध्ये, आणि म्हणून आजच्या लिनक्स, मॅक, अँड्रॉइडमध्येही, 'ॲक्सेस' नावाचा एक सिस्टम कॉल आहे. प्रोग्रॅम त्याला फाइलचं नाव देतो आणि विचारतो : ही वाचता येईल का, हिच्यात लिहिता येईल का, ही चालवता येईल का? कर्नल हो किंवा नाही म्हणतो. इतकी साधी सोय असल्यामुळे नवखा प्रोग्रॅमर फाइल उघडण्याआधी हा कॉल हमखास लिहितो. आणि फ्रीबीएसडीच्या मॅन्युअलमध्ये याच कॉलच्या पानावर वर्षानुवर्षं इशारा छापलेला आहे, की यात सुरक्षेला धोका आहे, हा कधीही वापरू नये. स्वतःच पुरवलेल्या सोयीबद्दल मॅन्युअलनं इतकं रोखठोक बोलावं, हे क्वचितच घडतं.

हा कॉल वाटतो तो प्रश्न विचारतच नाही. 'मला ही फाइल उघडता येईल का' असा त्याचा प्रश्न नसतो. 'मला ज्यानं चालवलंय, त्या माणसाला ही फाइल उघडता आली असती का' असा असतो. एरवी दोन्ही एकच असतात, म्हणून फरक जाणवत नाही. तो जिथे जाणवतो, तिथेच या कॉलचं कूळ सापडतं.

न्यू जर्सीतल्या मरे हिलला बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सची सुरुवात केली. पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यात फाइलवर परवानगीच्या सहाच खुणा आहेत : मालकानं वाचणं, मालकानं लिहिणं, इतरांनी वाचणं, इतरांनी लिहिणं, चालवता येणं, आणि सहावी 'सेट-यूआयडी'. गट ही कल्पना अजून आलेली नव्हती, पण सेट-यूआयडी मात्र पहिल्या दिवसापासून होती. ही खूण असलेला प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी तो चालतो फाइलच्या मालकाच्या अधिकारानं. कुलमुखत्यारपत्र घेतलेला माणूस जसा समोर कोण बसलंय याचा विचार न करता मालकाच्या वतीनं सही करू शकतो, तसा. आजही टर्मिनलवर 'पासवर्ड' बदलायच्या कमांडची सविस्तर यादी काढली, तर मालकाच्या रकान्यात 'एक्स'च्या जागी 'एस' दिसतो. तीच ही खूण.

रिची आणि टॉम्पसन यांच्या १९७४ च्या गाजलेल्या लेखात या कल्पनेचं उदाहरण म्हणून एक खेळ येतो. 'मू' हा मनात धरलेली चार अंकी संख्या ओळखण्याचा खेळ. त्याची गुणांची फाइल खेळाच्या प्रोग्रॅमला लिहिता आली पाहिजे, पण खेळाडूला हातानं बदलता येता कामा नये. त्या काळातल्या एका नियतकालिकानं हे कोडं घातलं होतं, आणि सेट-यूआयडीनं ते सहज सुटलं. व्यवस्थापकाकडे जाऊन विनवण्या करायच्या नाहीत. कुणीही आपल्या प्रोग्रॅमवर ही खूण लावावी. रिचीनं ९ जुलै १९७३ ला तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १६ जानेवारी १९७९ ला ते मिळालं आणि पुढे बेल लॅब्जनं ते सर्वांसाठी खुलं केलं. मला ही कल्पना आजही देखणी वाटते. एका बिटात एवढा मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणं संगणकाच्या इतिहासात फार नाहीत.

पण तिच्या पोटात एक अडचण होती. रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला मनाई अशी नसतेच. वापरकर्त्यानं त्याला फाइलचं नाव दिलं आणि त्यानं ती उघडली, तर कर्नल मुकाट्यानं उघडून देणार. ती फाइल दुसऱ्याची खासगी असली तरी. म्हणजे अधिकार उसना आणि सांगकाम दुसऱ्याचं, असा पेच. प्रोग्रॅमला कुठून तरी कळायला हवं, की समोरच्या माणसाला स्वतःच्या नावावर हे जमलं असतं का.

त्यावर उपाय म्हणून युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'ॲक्सेस' हा कॉल दिसतो. तिचं मॅन्युअल जानेवारी १९७९ चं, म्हणजे पेटंट मिळालं त्याच महिन्यातलं. तेव्हा दुसरा सरळ मार्गही नव्हता. त्या आवृत्तीत प्रोग्रॅम रूटचा अधिकार टाकून वापरकर्त्याच्या नावावर येऊ शकत असे, पण मग परत फिरता येत नसे. अधिकार थोड्या वेळापुरता बाजूला ठेवायची सोयच नव्हती. म्हणून विचारून घ्यायचं आणि मग आपल्या अधिकारात काम करायचं, एवढंच हातात होतं.

सातव्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये हा कॉल काय करतो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. तो चालू प्रोसेसचा प्रभावी यूआयडी, म्हणजे ती ज्याच्या अधिकारानं चालतेय त्याचा क्रमांक, बाजूला नोंदवून ठेवतो. त्या जागी खऱ्या वापरकर्त्याचा यूआयडी ठेवतो. मग दिलेला मार्ग डिरेक्टरीमागून डिरेक्टरी चालत जाऊन फाइलचा आयनोड, म्हणजे तिची मूळ नोंद, शोधतो, तिच्या परवानग्या तपासतो, आयनोड सोडून देतो, जुना यूआयडी परत ठेवतो आणि उत्तर देतो. थोडक्यात, योग्य माणसाच्या नावानं योग्य फाइलपर्यंत पोचायचं काम कर्नलनं चोख केलेलं असतं. फाइल त्याच्या हातात असते. आणि नेमकी तीच तो सोडून देतो. प्रोग्रॅमला मिळतो फक्त होकार. मग प्रोग्रॅम 'ओपन' कॉल करतो, तोच मार्ग पहिल्यापासून पुन्हा चालला जातो, आणि या खेपेला रूटच्या अधिकारानं. दोन्ही वेळा त्या नावाखाली एकच फाइल असेल, याची हमी कुणीच दिलेली नाही. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे : होकार मिळतो तो एका फाइलबद्दल, पण प्रोग्रॅम तो फाइलच्या नावाला लावतो.

हे केवळ तात्त्विक नव्हतं. त्याच सातव्या आवृत्तीतली 'मेकडिर' कमांड पाहा. नवी डिरेक्टरी बनवण्याचा वेगळा सिस्टम कॉल तेव्हा नव्हता, म्हणून ही कमांड रूटची सेट-यूआयडी होती. ती आधी ॲक्सेसनं विचारायची, की वरच्या डिरेक्टरीत या वापरकर्त्याला लिहिता येतं का. मग रूट म्हणून नवा नोड बनवायची. मग 'चओन' करून त्या नावाची मालकी वापरकर्त्याला द्यायची. शेवटी आत 'डॉट' आणि 'डॉटडॉट' हे दुवे जोडायची. प्रत्येक पायरीवर फाइलचं नाव नव्यानं दिलेलं. समजा नोड बनला, आणि मालकी बदलण्याआधी यंत्रानं दुसऱ्या प्रोसेसला पाळी दिली. तेवढ्यात वापरकर्त्यानं तो नोड काढून टाकला आणि त्याच नावानं पासवर्ड फाइलचा हार्ड लिंक, म्हणजे तिच्यासाठीच दुसरं नाव, ठेवला. मेकडिर परत जागी झाली की प्रामाणिकपणे मालकी बदलते, आणि सगळ्या यंत्राची पासवर्ड फाइल त्या माणसाच्या नावावर होते. यंत्र कामानं वाकलेलं असेल तर ही फट आणखी रुंद होते, आणि एका खेपेला जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायला कुणाची ना नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये 'मेकडिर' हा स्वतंत्र सिस्टम कॉल झाला, सगळ्या पायऱ्या कर्नलच्या आत एका दमात होऊ लागल्या, आणि कमांडवरची ती खूण उतरली.

त्याच ४.२ बीएसडीनं सिम्बॉलिक लिंकही आणले. हार्ड लिंक एकाच फाइलसिस्टमपुरते असत. हा नवा दुवा कुठूनही कुठेही बोट दाखवू शकत होता आणि क्षणात बदलता येत होता. ॲक्सेस आणि ओपन यांच्यामधल्या फटीला त्यानं हवं ते हत्यार मिळालं.

गंमत म्हणजे या दोषाचं निदान युनिक्सबाहेर आधीच झालेलं होतं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या कार्यप्रणालीवर लिहिताना डब्ल्यू. एस. मॅकफी यांनी १९७४ साली 'टाइम ऑफ चेक टु टाइम ऑफ यूज' हे नाव घेऊन तो मांडला होता. तपासणी आणि वापर यांच्यामध्ये गोष्ट बदलता येत असेल, तर तपासणी फुकट. पण मेनफ्रेमच्या जगातलं शहाणपण युनिक्सच्या अंगणात यायला वेळ लागला. नोव्हेंबर १९९३ मध्ये संगणक-सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट या संस्थेनं 'एक्सटर्म'बद्दल इशारा काढला. टर्मिनलची ही खिडकी अनेक ठिकाणी रूटच्या अधिकारानं चालत असे, आणि पडद्यावरचा मजकूर वापरकर्त्यानं सांगितलेल्या फाइलमध्ये उतरवून ठेवायची सोय तिच्यात होती. आधी विचारायचं, मग उघडायचं, हीच रीत. परिणामी साध्या वापरकर्त्याला यंत्रावरची कुठलीही फाइल बदलता येऊ लागली. पुढे मॅट बिशप आणि मायकेल डिल्जर यांनी १९९६ साली असे दोष प्रोग्रॅमच्या मजकुरात कसे शोधायचे यावर लिहिलं, तेव्हा एक्सटर्म हे त्यातलं ठळक उदाहरण होतं.

एव्हाना खरा उपाय उपलब्ध होता. ४.२ बीएसडीत खरा आणि प्रभावी यूआयडी अदलाबदल करता येऊ लागले होते. एटी अँड टीच्या सिस्टम व्ही या युनिक्सनं मूळ अधिकार जपून ठेवणारा तिसरा यूआयडी आणला होता. म्हणजे अधिकार उतरवायचा, वापरकर्त्याच्याच नावानं सरळ ओपन करायचं, कर्नल नाही म्हणाला तर थांबायचं, फाइल हातात आली की अधिकार परत चढवायचा. वेगळी तपासणी उरतच नाही, उघडणं हीच तपासणी. पुढची चौकशीही, म्हणजे ही साधी फाइल आहे का, मालक कोण, ही हाती आलेल्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर, 'एफस्टॅट'नं करायची. नावाकडे पुन्हा वळायचं नाही. मात्र यूआयडी बदलणारे कॉल प्रत्येक युनिक्सवर थोडे वेगळे वागत. हाव चेन, डेव्हिड वॅग्नर आणि ड्रू डीन यांनी २००२ साली त्यांचं वागणं पद्धतशीर तपासून मांडलं, तोवर अनुभवी माणसंही त्यात अडखळत.

मग ॲक्सेसला वाचवता येईल का, हा प्रश्न खरोखरच हाती घेतला गेला. २००४ साली ड्रू डीन आणि ॲलन हू यांनी दाखवलं, की युनिक्सच्या तेव्हाच्या सर्वत्र चालणाऱ्या कॉलांमध्ये राहून ॲक्सेस-ओपनची फट खात्रीनं बुजवणं अशक्य आहे. त्यावर त्यांचा तोडगा संभाव्यतेचा होता. विचारा, उघडा, पुन्हा विचारा, पुन्हा उघडा, आणि दर वेळी तोच आयनोड हाती येतोय का ते पाहा. अशा 'के' फेऱ्या वाढवल्या तर हल्लेखोराला २के+१ शर्यती ओळीनं जिंकाव्या लागतात, आणि ते जवळजवळ अशक्य.

पुढच्याच वर्षी निकिता बोरिसोव्ह, रॉब जॉन्सन, नवीन शास्त्री आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ते शक्य करून दाखवलं. त्यांनी खोलच खोल डिरेक्टऱ्यांचा आणि एकमेकांकडे नेणाऱ्या सिम्बॉलिक लिंकांचा भूलभुलैया रचला. तो पार करताना कर्नलला डिस्कवरून वाचावं लागतं, आणि वाचेपर्यंत बिचारा प्रोग्रॅम झोपी जातो. तेवढ्यात हल्लेखोर दुवा बदलतो. प्रोग्रॅम नेमका कुठवर आलाय हे त्याला दुव्यावरच्या 'शेवटचं वाचन कधी' या नोंदीवरून कळतं. शर्यत नशिबाची राहतच नाही. मला या दोन लेखांमधली झटापट फार मोलाची वाटते, कारण फट किती बारीक आहे यावर विसंबून राहता येत नाही, हे तिनं मोजमापासह दाखवलं. २००८ साली डॅन त्साफ्रिर आणि सहकाऱ्यांनी मार्गाचा एकेक तुकडा प्रोग्रॅमनं स्वतः चालत तपासायची सुधारित रीत मांडली, आणि तिच्यापुढे हा भूलभुलैया चालत नाही.

दरम्यान हाच प्रश्न नेटवर्कवर दुसऱ्या रूपात उभा राहिला. दूरच्या यंत्रावरच्या फाइल वापरू देणाऱ्या एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लायंट यंत्र फाइलच्या खुणा बघून स्वतःच अंदाज बांधायचं. पण सर्व्हर दूरच्या रूटला 'नोबडी', म्हणजे कसलाच खास अधिकार नसलेला, समजत असेल, तर खुणा एक सांगतात आणि सर्व्हर दुसरंच करतो. जून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत म्हणूनच सर्व्हरला विचारायची 'ॲक्सेस' नावाची वेगळी क्रिया आली, आणि तिचं उत्तर केवळ सल्ल्यादाखल आहे, असं तिच्या निर्मात्यांनी मसुद्यातच लिहून ठेवलं. १९७९ च्या मॅन्युअलात हे एक वाक्य असतं तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

आज ॲक्सेसचा उपयोग उरलाय तो सल्ल्यापुरताच : एडिटरनं फाइल 'फक्त वाचनासाठी' असल्याचं आधीच सांगावं, शेलनं एखादी कमांड चालवण्याजोगी आहे का ते पाहावं. तिथे प्रश्न प्रभावी यूआयडीबद्दल विचारायचा असतो, म्हणून 'एफॲक्सेसॲट' या नव्या कॉलला तशी खूण पुरवायची सोय २००८ च्या पॉझिक्समध्ये आहे. लिनक्स कर्नलच्या कॉलात मात्र ती खूण घ्यायला जागाच नव्हती. सी लायब्ररी साध्या परवानग्या बघून स्वतःच हिशेब करायची, आणि त्यात एसीएल, म्हणजे एकेका वापरकर्त्यासाठीच्या परवानग्यांच्या याद्या, धरल्या जात नसत. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये लिनक्स ५.८ सोबत 'एफॲक्सेसॲट२' आला.

त्यानंतर जे झालं ते प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बंदिस्त करून चालवणारं डॉकर वापरणाऱ्या अनेकांनी अनुभवलंय. जून २०२१ मध्ये अल्पाइन या छोट्या लिनक्सची ३.१४ आवृत्ती आली, तिची मसल ही सी लायब्ररी नवा कॉल वापरू लागली होती. जुन्या डॉकरचं सिस्टम कॉल रोखणारं गाळणं हा कॉल ओळखत नव्हतं. ते 'असा कॉल नाही' असं न सांगता 'मनाई' असं सांगायचं. 'असा कॉल नाही' ऐकलं असतं तर लायब्ररी जुन्या वाटेनं गेली असती. 'मनाई' हे तिनं फाइलबद्दलचं खरं उत्तर मानलं. कंटेनरमध्ये 'मेक' चालवलं की ते शेल चालवायला परवानगी नाही म्हणून थांबायचं, आणि शेलवरच्या परवानग्या बघाव्या तर त्या अगदी ठीक. अल्पाइननं डॉकर २०.१० किंवा पुढची आवृत्ती हवी असं जाहीर केलं. कंटेनर चालवणाऱ्या रनसीनं त्याच वर्षी आपलं उत्तर बदललं : गाळण्याच्या यादीपेक्षा नव्या कॉलला आता 'असा कॉल नाही' हेच उत्तर जातं.