हलव्याचा काटा

संक्रांत जवळ आली की आपल्या घरांत हलव्याचे पुडे दिसू लागतात. कुणी पुण्याहून येताना पिशवीच्या कोपऱ्यात घालून आणलेला असतो, कुणाला मावशीने पाठवलेला असतो, नाहीतर सरळ दुकानातून आणलेला असतो. मुले तो मूठमूठ खातात आणि त्याला 'स्प्रिंकल्स' म्हणतात. हे ऐकून घरातल्या आज्या नाक मुरडतात. पण इतिहास पाहू गेले तर मुले फारशी चुकलेली नाहीत. केकवर भुरभुरवायचे ते रंगीत 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स' आणि आपला तिळाचा हलवा हे एकाच घराण्यातले. यंदा मुलांना घेऊन हलवा घरी करावा असे आमच्या तीन-चार कुटुंबांत ठरले, आणि करायचा तर तो कुठून आला तेही मुलांना सांगावे, म्हणून आम्ही थोडी पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते इथे देत आहोत.

सुरुवात साखरेपासून. उसाचा रस आटवून त्याचे दाणे करायची विद्या आपल्या देशातली. अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस हिंदुस्थानात आला होता, त्याने मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूची नोंद केली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, खंड, शर्करा अशी प्रकारवार नावे येतात. फाणित म्हणजे साधारण आपली काकवी. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइझोंग बादशहाने साखर करण्याची पद्धत शिकून घ्यायला मगधात माणसे पाठवली. पश्चिमेकडे हीच विद्या इराणी आणि अरबांबरोबर गेली, आणि तिच्याबरोबर शब्दही गेले. शर्करेची अरबीत 'सुक्कर' झाली, तिची इंग्रजीत 'शुगर' झाली. खंडाचा 'कंद' होऊन पुढे 'कँडी' झाली. म्हणजे आपली मुले इथल्या दुकानात कँडी मागतात तेव्हा अर्धे संस्कृतच बोलत असतात! 'हलवा' हा शब्द मात्र उलट दिशेने आपल्याकडे आला. सारखा हलवत राहायचा म्हणून हलवा, असे आपल्याकडे गमतीने सांगतात. शब्द अरबी आहे, आणि त्याचा अर्थ नुसता 'गोड'.

आता खरी गंमत. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'कॉम्फिट' नावाचा पदार्थ श्रीमंतांच्या घरी असे. बडीशेप, धने, शहाजिरे यांच्या दाण्यांवर साखरेच्या पाकाची पुटे चढवायची आणि जेवणानंतर पाचक म्हणून, तोंडाला वास चांगला यावा म्हणून द्यायची. आपल्या हॉटेलांत बिलाबरोबर रंगीत बडीशेपेची वाटी येते, ती हीच. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकात कॉम्फिट करणाऱ्याच्या बायकोचा उल्लेख येतो, इतका हा धंदा लोकांच्या ओळखीचा होता. सर ह्यू प्लॅट या गृहस्थाने घरंदाज बायकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. १६०२ सालची त्याची प्रत उपलब्ध आहे. त्यात कॉम्फिट करायची कृती सविस्तर आहे. पितळेचे खोल बुडाचे भांडे दोरीने टांगायचे, खाली मंद निखारे ठेवायचे, भांड्यात दाणे घालायचे, वरून पळीने थोडा थोडा पाक सोडायचा आणि हाताने दाणे फिरवत राहायचे. एक पूट वाळले की दुसरे. वाचताना आपल्याकडची शेगडी, परात आणि पहाटे उठून हलवा करायला बसलेली आजी डोळ्यांपुढे येते.

आणि काटा? तोही प्लॅटसाहेबांना ठाऊक होता. गुळगुळीत दाणे हवे असतील तर पाक पातळ ठेवा, खडबडीत हवे असतील तर पाक जास्त आटवा, चांगला गरम असू द्या आणि पळी उंच धरून सोडा, असे ते सांगतात. काटा येण्याचे कारण सोपे आहे. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा असतो तिथे पाक आधी वाळतो आणि साखर धरते. पुढचे पूट त्याच टोकावर जास्त बसते, आणि टोक वाढत जाते. तीनचारशे वर्षांपूर्वीची इंग्रज बाई आणि सदाशिव पेठेतली काकू एकच शास्त्र हातांनी जाणत होत्या.

हा दाणा आणखीही लांब गेला. पोर्तुगीज लोक त्याला 'कॉन्फेइतो' म्हणत. लुइश फ्रॉइश या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये जपानचा सरदार ओदा नोबुनागा याला काचेच्या बाटलीतून हे दाणे भेट दिले. जपान्यांनी ते इतके आपलेसे केले की आजही तिथे 'कोनपेइतो' मिळतो, आणि तो अगदी आपल्या हलव्यासारखा काटेरी असतो. जुन्या पद्धतीने करणाऱ्यांना एका घाण्याला दोन आठवडे आणि त्याहून जास्त लागतात. इटलीत असेच साखरेचे दाणे उत्सवात लोकांच्या अंगावर उधळत. पुढे साखरेऐवजी कागदाचे तुकडे आले, पण 'कॉन्फेटी' हे नाव तेच राहिले. आपल्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओततात ते आठवा, आणि इथल्या लग्नात वधूवरांवर उधळतात ती कॉन्फेटी आठवा. कोणी कोणाचे उचलले याचा वाद घालण्यात आम्हाला रस नाही. साखर, एखादे बी, तापलेले भांडे आणि सवड या चार गोष्टी जिथे जमल्या तिथे हलवा झाला.

इथवर सगळे गोड आहे. यापुढचे तसे नाही, आणि आमच्या बैठकीत वादही यावरूनच झाला.

इंग्लंडच्या घराघरांत साखर स्वस्त झाली ती वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टावर. आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली जात आणि उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवली जात. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स याने ही साखर खाऊ नका असे सांगणारी पुस्तिका काढली. तिच्या हजारो प्रती खपल्या. टॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. त्यात बायका पुढे होत्या, कारण घरचा किराणा त्यांच्या हाती. लेस्टरमध्ये एलिझाबेथ हेरिक आणि सुझॅना वॉट्स या दोघी घरोघर फिरून गुलामांची साखर घेऊ नका म्हणून सांगत. हेरिकबाईंनी १८२४ मध्ये गुलामी हळूहळू नव्हे, ताबडतोब बंद करा अशी मागणी करणारी पुस्तिका लिहिली, तेव्हा चळवळीतले मोठे पुरुषही एवढे म्हणायला कचरत होते. आज ज्या लेस्टरमधून आपण तीळ आणि गूळ आणतो तिथलीच ही गोष्ट. त्या काळात साखरदाणीवर 'ही साखर ईस्ट इंडियाची, गुलामांनी केलेली नव्हे' अशी अक्षरे घालण्याची पद्धत निघाली होती. तशा साखरदाण्या इथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. ईस्ट इंडिया म्हणजे आपणच. आपले मजूर सुखात होते अशातला भाग नाही, पण निदान त्या साखरेवर ती जाहिरात तरी करता येत होती.

१८३३ मध्ये पार्लमेंटने गुलामी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई दिली; गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. त्या कर्जाचे रोखे फिटता फिटता २०१५ साल उजाडले. म्हणजे आपल्यापैकी जे त्याआधी इथे कर भरत होते त्यांच्याही खिशातले चार पेनी त्यात गेले.

आणि मळ्यांत आता राबणार कोण? मॉरिशसच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ते कलकत्त्याहून गेले होते; पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही जहाजे सुटू लागली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावरच्या धक्क्याला लागली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणच्या इतर भागांतले मराठी लोक होते. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर नाही गेले तर दोन दिवसांचा पगार कापायचा असा नियम होता, त्याला 'दुहेरी कपात' म्हणत. 'अ‍ॅग्रिमेंट'चे 'गिरमिट' त्यांनीच केले.

विमानाने आलेल्या आपल्यासारख्यांना परदेशातला मराठी माणूस म्हटले की डॉक्टर, इंजिनीअर आठवतो. त्यांच्या कितीतरी आधी समुद्र ओलांडलेला मराठी माणूस कोयता घेऊन उसाच्या फडात उभा होता, आणि त्याला तिथे नेले ते साखरेने. त्याची नातवंडे-पतवंडे आजही मॉरिशसमध्ये आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. दीडशेहून अधिक वर्षे, आणि गणपती टिकला. आपण इथे पन्नास वर्षांत 'मुले मराठी विसरली' म्हणून उसासे टाकतो!

तर वाद असा, की हे सगळे लहान मुलांना सणाच्या दिवशी सांगायचे का? आमच्यातल्या दोघीजणी म्हणाल्या, गोड बोला म्हणायच्या दिवशी गुलामांच्या आणि मजुरांच्या गोष्टी कशाला? मोठी होतील तेव्हा वाचतील. इतरांचे म्हणणे, मोठी झाल्यावर ती वाचतील ते शाळेच्या पुस्तकातून, आणि त्यात कोकणातला माणूस असेलच असे नाही. एकमत झाले नाही. शेवटी सात वर्षांवरच्या मुलांना सांगायचे आणि धाकट्यांना काटा कसा येतो एवढेच दाखवायचे, असे ठरले. दाणे फिरवायला अर्धा तास लागतोच. तेवढ्या वेळात गोष्ट नीट सांगून होते.

आता करायचे कसे ते. एक कप साखर, अर्धा कप पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाका, म्हणजे हलवा पांढराशुभ्र होतो. पाक एकतारीच्या आतबाहेर ठेवा. दोन मोठे चमचे तीळ जाड बुडाच्या पसरट भांड्यात अगदी मंद आचेवर घ्या आणि चमचा-चमचा पाक घालून बोटांनी फिरवत राहा. गरम पाक आणि शेगडी हे काम मोठ्यांचे. मुलांनी शेजारच्या टेबलावर बसून काटे मोजावेत. रोज अर्धा तास असे चार-सहा दिवस करा. शेवटच्या दिवसांत पाक जरा घट्ट घ्या. देशावरची थंडी कोरडी असते म्हणून तिथे काटा लवकर येतो. इथली थंडी ओली. तेव्हा स्वयंपाकघरात हीटर लावून, दुसरे काही उकळत नसताना हलवा करावा. खसखस, साबुदाणा, बडीशेप यांचाही छान होतो. शेंगदाण्याचा करायचा असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतो. बोरन्हाणात बोरांऐवजी द्राक्षे घेणार असाल तर तीही उभी चिरून घ्या.

दागिने मात्र मुलांनीच करावेत. जुन्या बायका एकेक दाणा दोऱ्यात गाठ मारून ओवत. तेवढा धीर आता कुणाला नाही. जाड पुठ्ठ्याचा मुकुट, बाजूबंद, बासरी कापा, त्यावर सोनेरी कागद लावा, आणि डिंकाचे बोट फिरवून हलवा चिकटवा. चिकटवलेला हलवा खायचा नाही हे आधीच बजावा, आणि खायचा वेगळ्या वाटीत ठेवा. शाळेत वाटायला नेणार असाल तर बाईंना आधी विचारा. तिळाची अ‍ॅलर्जी असलेली मुले वर्गात असू शकतात.

डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर दोन दिवसांत काटे बसतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तेव्हा घाई नाही. ज्यांच्या हलव्याला काटा आला नाही त्यांनीही घेऊन यावे.