पैलवान कुणाचा, आणि किती वर्षांचा?

२०२५ साली आपल्या जिल्ह्यात दोन महिन्यांच्या आत दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. दोन मैदानं, दोन संघटना, दोन विजेते. नंतर महिनाभर चर्चा कशाची झाली? शिवराज राक्षेने पंचाला मारलेल्या लाथेची. पाठ टेकली की नाही याचे व्हिडिओ आपण शंभर वेळा पाहिले. पण त्या मॅटवर उतरायचा हक्क कुणाला, कुठल्या जिल्ह्याच्या नावाने, आणि किती वर्षं, हे कोण ठरवतं यावर कुणी फारसं बोललं नाही. तालुक्यातली जी पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात, त्यांचं निम्मं भवितव्य याच प्रश्नात अडकलेलं आहे.

आधी जुनी पद्धत बघू. गावच्या जत्रेतल्या हगाम्याला पात्रता नावाचा कागद नव्हता. सगळा नजरेचा कारभार. पंच दोन पोरांना शेजारी उभं करायचे, मांडी-दंड बघायचे आणि जोड लावायचे. बारकी पोरं रेवड्यांवर, त्याहून मोठी नारळावर, मग रोख इनाम. वय कुणी विचारायचं नाही, वजनकाटाही नसायचा. जोड चुकली तर सगळा फड ओरडायचा. यात वशिला चालायचाच, पण जे व्हायचं ते हजार माणसांच्या डोळ्यांदेखत.

कागद आला तो राज्य पातळीच्या स्पर्धेबरोबर. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ साली कुस्तीगीर परिषद उभी राहिली, १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली. आता पैलवान गावाचा किंवा वस्तादाचा राहिला नाही, तो जिल्ह्याचा झाला. जिल्हा तालीम संघाने निवड चाचणी घ्यायची आणि आपला गडी पाठवायचा. केसरी गटात प्रत्येक जिल्ह्याचा मातीवर एक, गादीवर एक. अडचण इथेच सुरू होते. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या तालमीत एकाच वेळी राज्य जिंकू शकतील असे चार-पाच जण असतात, तर काही जिल्ह्यांत चाचणीला जोडसुद्धा मिळत नाही. मग पैलवान जागा मिळेल तिकडे जातो. शिवराज राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा, खेळला नांदेडकडून. सिकंदर शेख मोहोळचा, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा, खेळला वाशिमकडून. यात लपवाछपवी काही नाही, सगळं जाहीर आहे. पण नांदेड-वाशिमच्या स्थानिक पोराने कुणाकडे बघायचं?

आपलाही हिशेब बघा. २०२० चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा. तालीम आधी भगूरला, मग पुण्यात काका पवारांकडे. बालेवाडीत त्याने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवलं तेव्हा माइकवरून नाव पुकारलं गेलं नाशिकचं. क्रिकेटचंही तसंच. झहीर खान श्रीरामपूरचा. मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून बडोद्याकडून रणजी खेळला, २०००-०१ ला बडोद्याला चषक मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा, आणि पुढे २००६ मध्ये मुंबईकडे आला. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा, वाढला डोंबिवलीत, खेळाडू मुंबईचा. आपण तिघांचेही फ्लेक्स लावले. कागदावर तिघांपैकी एकही नगरचा नाही. मला यात वाईट काही वाटत नाही, जिथं शिकायला मिळालं तिथं ते गेले. आपल्याकडं तशी सोय का नव्हती, हा राग मात्र राहतो.

हे झालं 'कुणाचा'. 'किती वर्षांचा' हे जास्त अवघड.

घरातल्या जुन्या माणसांच्या जन्मतारखा काढून बघा. निम्म्या घरात १ जून सापडेल. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचे सहा पूर्ण झालेले दिसले पाहिजेत, आईला आठवायचं 'मोठ्या पावसाच्या वर्षी झाला', मग गुरुजींनी १ जून टाकली की काम झालं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण वाडी-वस्तीवर तो पोचायला बरीच वर्षं गेली. तेव्हा त्या तारखेत लबाडी नव्हती, सोय होती. पुढे शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट आले, आणि काही हुशार लोकांच्या लक्षात आलं की या सोयीत फायदाही आहे. सोळाचा पोरगा चौदात उतरवला की समोरचा उभा राहत नाही. आता जन्म दवाखान्यात होतो, दाखला लगेच मिळतो, तरी हे थांबलेलं नाही. केंद्र सरकारला २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध वेगळी राष्ट्रीय संहिता काढावी लागली. क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतं. त्यातही गोम अशी की हाडाचं वय हा अंदाज असतो. ज्याची वाढ लवकर झाली तो खऱ्या दाखल्याचा पोरगाही त्यात बाहेर पडू शकतो.

अमेरिकेने याच प्रश्नावर वेगळा तोडगा काढलाय. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन अंगावर धावून जायचा, हेल्मेटवाला. अठरा वर्षांचं पोर बावीस वर्षांच्या धिप्पाड गड्यासमोर टिकत नाही, हा तोच आपला जोड लावायचा प्रश्न. सुरुवातीला तिकडेही अंदाधुंदी होती. पैसे घेऊन या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरणारे भाडोत्री खेळाडू होते, मैदानात पोरं मरत होती. त्यातून १९०६ च्या सुमारास देशभराची संघटना उभी राहिली. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फुटबॉलच्या मुख्य संघात खेळताच येत नव्हतं.

१९३७ साली नेब्रास्का विद्यापीठात वॉरन अल्फसन नावाच्या पोराने प्रशिक्षकाला सांगितलं, मी अजून कच्चा आहे. यंदा सराव करतो, सामना खेळत नाही, माझं वर्ष मोजू नका. सरावात तो लाल शर्ट घालायचा, त्यावरून या पद्धतीला 'रेडशर्ट' नाव पडलं. तीन वर्षांनी तो देशातल्या निवडक खेळाडूंत गणला गेला. आजवर चालत आलेला नियम असा: कॉलेजात नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू, त्यात चार हंगाम खेळायचे. एक वर्ष बाहेर बसून वर्गात शिका, व्यायाम करा, शिष्यवृत्ती चालूच. २०१८ पासून त्या वर्षात चार सामने खेळलं तरी ते वर्ष मोजत नाहीत. मोठ्या दुखापतीने हंगाम गेला तर तोही परत मागता येतो. कोविडच्या २०२० चा हंगाम तर त्यांनी कुणाच्याच खात्यात धरला नाही.

तिकडेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. पात्रतेचे खटले कोर्टात चालतात, पैशाचे वाद आहेत. पण अंग भरायला जे वर्ष लागतं, ते तिथला पोरगा सगळ्यांना सांगून घेतो. आपल्याकडे तेच वर्ष जन्मदाखल्यातून गुपचूप काढलं जातं, आणि ज्याच्या बापाला तसा दाखला काढता येत नाही किंवा काढायचा नसतो, तो पहिल्या फेरीत चितपट होतो. आपल्या विद्यापीठ स्पर्धांत नुसती वयाची अट, २५ ची. गुडघा मोडून दोन वर्षं घरी बसलेल्याचं वयसुद्धा तेवढंच पुढे जातं. कोविडात जानेवारी २०२० नंतर पुढची महाराष्ट्र केसरी झाली थेट एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्याला. शालेय स्पर्धा बंद होत्या, तेव्हा अठरा वर्षांची कितीतरी पोरं घरात बसूनच एकोणीस पार करून गेली.

आणि हा नुसता गदेचा प्रश्न नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीत पोरांना सांगितलं जातं. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने प्रमाणपत्राच्या अटी कडक केल्या, तरी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघालीच. त्यात संघटना दोन. नोव्हेंबर २०२३ मध्येही असंच झालं, फुलगावला सिकंदर केसरी, धाराशिवला शिवराज केसरी. शेत गहाण टाकून खुराक पुरवणाऱ्या बापाने कुठल्या चाचणीला पोरगं न्यायचं? उद्या तपासणीच्या टेबलावर कुठला कागद चालेल?

म्हणून जिल्ह्यातल्या दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांना आणि क्रीडा कार्यालयाला एवढंच मागणं: पुढच्या निवड चाचणीच्या महिनाभर आधी तीन गोष्टी लेखी लावा. बाहेरच्या जिल्ह्याचा पैलवान कुठल्या अटीवर घेणार, वयाचा कुठला पुरावा धरणार, आणि या स्पर्धेचं प्रमाणपत्र ५ टक्क्यांत चालतं की नाही. तालमीच्या दारावर चिकटवा, ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे मागच्या चाचणीचं असं पत्रक असेल त्यांनी खाली फोटो टाका.