चाळीस मीटरची कुळकथा

1942 च्या पावसाळ्यात, 'भारत छोडो'च्या हाकेनंतर काही आठवड्यांतच, मुंबईत एक चोरटं प्रसारण सुरू झालं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी 'काँग्रेस रेडिओ' एवढीच ओळख देत. ठिकाण विचाराल तर 'भारतात कुठंतरी'. लहरलांबी मात्र चोख सांगत: 42.34 मीटर. पोलीस मागावर असल्यामुळे बिऱ्हाड सारखं हलवावं लागे. 12 नोव्हेंबरला धाड पडली आणि उषाताईंची पुढची वर्षं येरवड्याच्या तुरुंगात गेली.

या हकिगतीतल्या 42.34 या आकड्यापाशी सहसा कुणी थांबत नाही. हिशेब केला तर तो 7.08 मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. जगभरचे हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम, ज्याला 'फोर्टी मीटर' म्हणतात, तो हाच पट्टा. हा निव्वळ योगायोग नसावा. यंत्र जुळवणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हॅम होते. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच सरकारनं हौशींना आपापली प्रक्षेपणयंत्रं पोलिसांत जमा करायला लावली होती, तरी प्रिंटर यांची विद्या काही जमा झाली नव्हती. पुढं ते पकडले गेल्यावर पोलिसांना केंद्राचा माग मिळाला तोही त्यांच्याकडूनच. कुळ शोधायला बसलं की असेही पूर्वज निघतात.

हा पट्टा हौशींच्या वाट्याला आला तो मात्र कुणाच्या औदार्यानं आलेला नाही. एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं, तेव्हा हवेत खऱ्या-खोट्या निरोपांची इतकी सरमिसळ झाली की जहाज सुखरूप असल्याची बातमीही पसरली. ठपका बराचसा हौशी पोरांवर आला. त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून त्यांना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असा त्या काळच्या जाणकारांचा समज होता. त्यामुळे आखूड लहरी देऊन टाकणं म्हणजे गावानं खडकाळ पडीक जमीन उपऱ्यांच्या नावे करण्यासारखंच होतं.

जेमतेम वर्ष गेलं. मार्च 1913 मध्ये ओहायो आणि आसपासच्या मुलखात महापूर आला, तारा तुटल्या. कोलंबस आणि अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठांतली हौशी केंद्रं आणि घरोघरचे छंदिष्ट यांनी एकमेकांकडून निरोप पुढं सरकवले. आपत्तीत हौशी बिनतारी कामाला आल्याच्या सुरुवातीच्या दाखल्यांपैकी हा एक. एका संकटानं ज्यांना गप्प बसवलं, त्यांनाच पुढच्या संकटानं बोलतं केलं. आणि त्या पडीक जमिनीत काय दडलंय तेही दहा वर्षांत कळलं. आखूड लहरी वर जातात, आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात आणि समुद्र ओलांडतात. 1923 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशींनी सुमारे 110 मीटरवर परस्परांशी संवाद साधला, मग मात्र या लहरींवर सगळ्यांचाच डोळा गेला.

भारतात पहिला हॅम परवाना 1921 चा, अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचा, हवेतल्या ओळखीची खूण '2जेके'. त्याच वर्षी मुकुल बोस '2एचक्यू' झाले, तेव्हा कुठं बोलायला दुसरं माणूस मिळालं. 1929 पासून भारतीय खुणांना 'व्हीयू' ही आद्याक्षरं लागली. तिशीच्या दशकाच्या मध्यावर परवानेधारक पन्नासही नव्हते आणि त्यांतले बहुतेक लष्करातले गोरे अधिकारी होते.

म्हणून स्वतंत्र भारतातल्या हॅम मंडळींची पहिली संघटना छावणीत जन्मली, यात नवल नाही. 15 मे 1948 रोजी महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक असलेलं महू ते हेच. संघटना पुढं दिल्लीला गेली आणि 1954 मध्ये तिचं नाव 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झालं. दुकानात यंत्रं मिळण्याचे ते दिवस नव्हते. युद्धातून उरलेले लष्करी संच आणि घरी डागणी लावून बनवलेली यंत्रं, यांवरच गाडा चाले. 1984 मध्ये आयातशुल्क माफ झालं तेव्हा परदेशी संच जरा आवाक्यात आले.

कायद्याला या छंदाविषयी जुना संशय. हवामान, यंत्र, तब्येत यांवर कितीही बोला, पण तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही, धंद्याचं तर नावच नको. 1978 च्या नियमांनी नैसर्गिक आपत्तीपुरती यातून सूट दिली. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1979 रोजी, गुजरातेत मच्छू धरण फुटून मोरबी वाहून गेलं आणि हॅमना मदतीला धावावं लागलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून लातूर-उस्मानाबादची गावं नुकती झोपली होती. तिथंही हौशी बिनतारीवाले पोचले. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क जोडायचा, एवढाच बेत. 26 तारखेला त्सुनामी आली आणि छंदाचं तेच केंद्र बेटांवरून मुख्य भूमीकडे निरोप धाडू लागलं. त्यातला मोठा भाग अगदी साध्या मजकुराचा: अमुक माणूस सुखरूप आहे.

चाळीस मीटरचं खरं मोल कळायला बुऱ्हाणपूरसारखं गाव घ्यावं. इथून महू सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सातपुडा आडवा. हातात धरायच्या वॉकीटॉकीची लहर नाकासमोर चालते, डोंगर आला की संपली. सात मेगाहर्ट्झची लहर डोंगराच्या वाटेलाच जात नाही. सुमारे वीस मीटर तार मधोमध तोडून दोन्ही अंगांना ताणायची, ती फार उंच न्यायची नाही, आणि बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर संच लावायचा. लहर जवळजवळ उभी वर जाते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात छत्रीसारखी खाली येते. असीरगडापलीकडचं इंदूर त्यात येतं, अलीकडचं जळगाव, भुसावळही. दख्खनची किल्ली म्हणवणाऱ्या या गडापाशी एवढ्या स्वस्तात सातपुडा ओलांडायची दुसरी सोय पटकन सुचत नाही.

बुऱ्हाणपुरात तापीची पातळी मोजली जाते ती केवळ शहरापुरती नसते. इथं चढलेलं पाणी खाली हतनूरला, मग उकाईला आणि शेवटी सुरतेच्या दारात जातं. तेव्हा पुरात या काठाचा संपर्क टिकण्याची काळजी तीन राज्यांना. परवान्याच्या परीक्षेला आता बाराव्या वर्षीही बसता येतं आणि प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स लिपीची कटकट नाही, त्यामुळे शाळकरी पोरांनाही ही वाट मोकळी आहे. फक्त एक खोच त्यांना आधीच शिकवायला हवी. रात्री वरचा थर विरळ होतो, तेव्हा फोर्टी मीटर जवळच्यांना वगळून दूरदेशीच्या गप्पा मारू लागतो. श्रावणातल्या मध्यरात्री इंदूर गाठायचं तर ऐंशी मीटरवर उतरावं लागतं आणि तार दुप्पट, म्हणजे चाळीस मीटर लांब लागते. जुन्या शहरातल्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यांत ती ताणायची, तर शेजाऱ्याच्या गच्चीची परवानगी पावसाळ्याआधीच काढून ठेवलेली बरी.