चव्वेचाळीस हजार एकशेची कुळकथा

संगणकावरून गाणी ऐकणाऱ्याने आवाज सुधारायचे मनावर घेतले, की पहिला खर्च बहुधा वायरींवर होतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना येतात, बोटभर जाडीच्या यूएसबी केबली येतात. फुकटात होणारे काम मात्र राहून जाते. विंडोजमध्ये साउंड, तिथून आपल्या स्पीकरच्या प्रॉपर्टीज आणि मग ‘ॲडव्हान्स्ड’ अशी वाट धरली की एक यादी उघडते. तिच्यात एका ओळीत ४४१०० हर्ट्झ, सीडी क्वालिटी असे लिहिलेले असते आणि दुसऱ्या ओळीत ४८००० हर्ट्झ, डीव्हीडी क्वालिटी. बहुतेकांच्या संगणकावर खूण ४८,०००वर असते. सीडीवरून उतरवून घेतलेली गाणी मात्र ४४,१००ची असतात. या दोन आकड्यांचे आपसात जमत नाही, आणि का जमत नाही ते शोधत गेले तर सत्तरच्या दशकातल्या जपानी व्हिडिओ टेपपर्यंत जावे लागते.

हा आकडा म्हणजे आवाजाची लाट सेकंदाला किती वेळा मोजून नोंदवली, तो दर. हॅरी नायक्विस्टने १९२८मध्ये तारायंत्राच्या संदर्भात आणि पुढे क्लॉड शॅननने १९४९मध्ये जे गणित मांडले, त्यानुसार जितक्या हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपायचा, त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत जातो; तेही तरुणपणी, पन्नाशीच्या श्रोत्याने त्या वरच्या टोकाची आशा धरू नये. म्हणजे ४०,०००हून अधिक नमुने हवेत, आणि वरचा नको असलेला भाग कापणाऱ्या फिल्टरला वावरायला थोडी जागा हवी. या हिशेबाने ४३,००० चालले असते, ४५,०००ही चालले असते. गोल आकडा सोडून ४४,१०० कुठून आला?

आला तो साठवणुकीच्या अडचणीतून. दोन चॅनेल, दर नमुन्याला १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. सत्तरच्या दशकातल्या ध्वनिफितीला हा लोंढा पेलणारा नव्हता आणि त्या काळच्या संगणकाच्या डिस्कवर एक मैफल मावली नसती. सेकंदाला लाखो चढउतार नोंदवू शकणारे एकच यंत्र बाजारात सहज मिळत होते, ते म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. त्याचे फिरते हेड चित्रासाठी बनवलेले होते. मग आवाजाचेच चित्र केले तर?

जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत हेइतारो नाकाजिमा यांच्या गटाने १९६७मध्ये अशा यंत्रावर डिजिटल आवाज नोंदवून दाखवला. १९७२मध्ये डेनन कंपनी व्हिडिओ रेकॉर्डर वापरून रेकॉर्डसाठी ध्वनिमुद्रण करू लागली. तिचा दर सेकंदाला ४७,२५० नमुने असा होता. नाकाजिमा पुढे सोनीत गेले आणि सोनीने १९७७मध्ये घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरला जोडायचा पीसीएम-१ हा डबा काढला. डब्याचे काम एवढेच की शून्य आणि एक यांचे काळे-पांढरे ठिपके करायचे आणि ते ठिपके म्हणजे दूरदर्शनचे चित्रच आहे असे रेकॉर्डरला भासवायचे. अशी टेप टीव्हीला लावली तर पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या लवलवताना दिसत. तेच गाणे.

आता चित्र म्हटले की टीव्हीचे नियम आले. चित्र आडव्या रेषांनी बनते. रेषांचा एकेक संच म्हणजे एकेक पडदा, आणि दोन पडद्यांच्या मध्ये काही रेषा रिकाम्या सोडाव्या लागतात. जपान आणि अमेरिकेत सेकंदाला ६० पडदे होते, त्यांतल्या प्रत्येकी २४५ रेषा आवाजासाठी वापरता आल्या. युरोपात पडदे ५०, पण रेषा जास्त, त्यामुळे २९४ वापरता आल्या. प्रत्येक रेषेत दर चॅनेलचे तीन नमुने बसवले. ६० गुणिले २४५ गुणिले ३ केले तर ४४,१०० आणि ५० गुणिले २९४ गुणिले ३ केले तरी ४४,१००. टीव्हीच्या दोन पद्धती सोबत घेऊन निघालेल्या जगाला दोन्हीकडे चालेल असा एक आकडा मिळाला. ४४,१०० हा २१०चा वर्ग आहे. २, ३, ५ आणि ७ या चौघांचे वर्ग एकमेकांना गुणून तो होतो. ६० आणि ५० दोघांनाही तो पचतो तो त्यामुळेच. त्यातला सात पुढे छळणार आहे.

एक किरकोळ भानगड होती. अमेरिकेने १९५३मध्ये रंगीत टीव्ही आणताना ६०चे ५९.९४ केले होते. त्यामुळे सोनीच्या घरगुती डब्यांचा दर प्रत्यक्षात ४४,०५६ निघाला. अशी टेप तशीच ४४,१००ने वाजवली तर तासाच्या मैफलीतले सुमारे साडेतीन सेकंद उडतात आणि सूर केसभर चढतो. स्टुडिओसाठीच्या पीसीएम-१६०० मालिकेतल्या यंत्रांनी ४४,१०० पक्का धरला. ती यंत्रे यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटच्या रेकॉर्डरला जोडत. १९८०मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे मानक ठरवले, तेव्हा स्टुडिओत जे होते तेच तबकडीवर आले. पहिले सीडी प्लेयर ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात विकले गेले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे सीडीच्या कारखान्यात गाणे जात असे ते यू-मॅटिक कॅसेटमधूनच. लेझरच्या तबकडीवर, जिचा टीव्हीशी काडीचा संबंध नाही, तिच्यावर टीव्हीच्या रेषा अशा कायमच्या गोंदल्या गेल्या.

४८,०००ची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. चित्रपटाच्या २४ चौकटींना भागले की २०००, टीव्हीच्या २५ला १९२०, ३०ला १६००. सीडीच्या आकड्याला २४ने भागले तर १८३७.५ येतात, म्हणजे अर्धा नमुना चौकटीबाहेर लोंबकळतो. चित्रासोबत काम करणाऱ्यांनी ४८,००० घेतला. १९८७ची डॅट टेप आणि पुढे डीव्हीडी त्याच वाटेने गेल्या.

दोघांची गाठ पडली ती संगणकात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने एसी-९७ हे मानक आणले आणि मदरबोर्डवरच आवाजाची चिप बसू लागली. त्याचा मूळ दर ४८,०००. घड्याळाच्या एकाच स्फटिकावर भागत होते, दोन बसवायला पैसे लागले असते. १९९८चे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे लोकप्रिय कार्डही आतून ४८,०००वरच चालायचे. सीडीचे गाणे आले की त्याचे नमुने पुन्हा घडवावे लागत. आणि इथे तो सात आडवा येतो. २४५ आणि २९४ दोन्हींत ४९ आहे, म्हणजे सातचा वर्ग. ४८,०००मध्ये सात औषधालाही नाही. त्यामुळे दोन दरांचे प्रमाण १४७ला १६० याहून साधे होतच नाही. दर १४७ नमुन्यांतून १६० नवे काढायचे, आणि त्यांतले १५९ मूळ नमुन्यांच्या अधेमधे पडणार.

हे नीट करायला बरेच गणित लागते. घाईत केले की मुळात नसलेल्या वारंवारिता वरच्या भागात मिसळतात. तंबोऱ्यावर ते लवकर कळते. जवारीतून एकात एक उलगडत जाणारे स्वर हाच तंबोऱ्याचा जीव. वाईट रूपांतरात त्यांच्यावर काचेसारखी कड येते. आजच्या संगणकांत ताकद भरपूर आहे, चांगल्या रूपांतरातला फरक मला तरी कानाने सांगता येणार नाही. पण फायलीत जे आहे तेच पुढे जावे असे वाटत असेल तर रूपांतरच टाळावे. २००७च्या विंडोज व्हिस्टापासून वासापी नावाची सोय आहे. तिच्या एक्सक्लुझिव्ह प्रकारात प्लेयर मधल्या मिक्सरला वळसा घालून चिपशी थेट बोलतो आणि चिपला जमत असेल तर गाण्यागणिक दर बदलतो. यादीत सगळ्यात मोठा म्हणून १,९२,००० निवडून खूश होणारे पुष्कळ आहेत. त्यांची सीडीची गाणी त्याच साताशी पुन्हा झुंजत असतात. चौपटच करायचे तर १,७६,४०० आहे की. मोठ्या आकड्यांबद्दल मेयर आणि मोरान या दोघांनी २००७मध्ये प्रयोगच प्रसिद्ध केला होता. वरच्या दर्जाचे संगीत मध्येच सीडीच्या दर्जातून काढून ऐकवले, तर श्रोत्यांचे उत्तर निम्म्याच वेळा बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते.

बाहेरचा डॅक, म्हणजे अंकांवरून आवाज घडवणारा, यूएसबीला जोडायचा डबा, घेतला तरी जुने दुखणे पाठ सोडत नाही. साध्या यूएसबीवर आवाज दर मिलिसेकंदाला एक अशा पुडक्यांत येतो. ४८,०००वाल्याची प्रत्येक पुडी ४८ची. ४४,१००ला मात्र नऊ पुड्या ४४च्या आणि दहावी ४५ची बांधावी लागते. सुरुवातीचे बरेच डॅक या पुड्यांच्या तालावर आपले घड्याळ हलवत आणि ते डळमळे. १९९८च्या यूएसबी मानकातच त्यावर असिंक्रोनस नावाचा उपाय होता. अमेरिकेत वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी तो हायफायवाल्यांच्या गळी उतरवला. यात घड्याळ डॅकचे, आणि माल कमी-जास्त पाठव असे तोच संगणकाला सांगतो. असा बरा डॅक उघडलात तर आत दोन स्फटिक शेजारी दिसतील, एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि एक २४.५७६चा. ५१२ने भागून पाहा: पहिला ४४,१००, दुसरा ४८,०००.

तुमचे ऐकणे सगळे यूट्यूबवर असेल, तर मात्र यादीतल्या ४८,०००ला हात लावू नका. तिथला आवाज बहुधा ओपस या पद्धतीने बांधलेला असतो आणि ओपसला ४४,१०० ठाऊकच नाही. सीडीवरून चढवलेल्या नाट्यगीतावर १४७ आणि १६०चा तो हिशेब तिकडेच उरकलेला असतो.